कादंबरीतला नावाडी

सोपानच्या कपाळावर तिसऱ्यांदा टेंगूळ दिसलं, तेव्हा कुशाबाईनं हातातला पिठाचा गोळा तसाच परातीत टाकला आणि पोराला उंबऱ्यात उभं केलं. पहिल्या टेंगळाला तो म्हणाला होता, चिंचेवरून पडलो. दुसऱ्याला म्हणाला, नावेच्या काठावर आपटलो. नावाड्याचं पोर नावेवर आपटलं म्हणणं म्हणजे मासा पाण्यात बुडाला म्हणण्यासारखं झालं. म्हणून या खेपेला तिनं कारण विचारलंच नाही, सरळ नावं विचारली. कुणी मारलं ते सांग, बाकीचं मी बघते.

सोपाननं तोंड उघडलं नाही. पोर दहा वर्षांचं, पण एकदा ओठ मिटले की सांडशीनंसुद्धा उघडायचे नाहीत. या बाबतीत ते थेट आईवर गेलं होतं. कुशाबाईनं एक धपाटा घातला, मग तिला त्या धपाट्याचाच राग आला, आणि तो राग तिनं भाकरीवर काढला. त्या दिवशी भाकरी थापल्याचा आवाज नदीपर्यंत गेला असेल.

जे पोरानं सांगितलं नाही ते दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर ठमाबाईनं सांगितलं. ठमाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. लुगडं आपटता आपटता ती गालात हसली आणि म्हणाली, "तुमच्या थोरल्यांनी म्हणं वैऱ्याला ह्याच नदीतनं अल्याड आणलं. रातचं. सोन्याची पिशवी घिऊन."

कोण म्हणतं, असं कुशाबाईनं विचारलं. तर म्हणे पुस्तकात आहे, मास्तरांनी सगळ्या पोरांसमोर वाचून दाखवलं, आणि छापलेलं कधी खोटं असतं का. कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धं धुणं तसंच पिळून टोपलीत टाकून ती घरी आली. वाटेत तिला दोन पोरं दिसली. तिला बघून ती हातातले दगड टाकून 'फितूर, फितूर' म्हणत बाभळीमागं पळाली, आणि टेंगळांचा उलगडा तिथंच झाला.

गाव नीरेच्या काठचं, बावड्याच्या खालच्या अंगाला. पलीकडच्या तीरावरची माणसं बावड्याच्या बाजाराला यायची ती गेणूच्या नावेतून. गेणू म्हणजे कुशाबाईचा नवरा. त्याच्या आधी त्याचा बाप नाव हाकायचा, बापाच्या आधी आजा. पुरात गुरं काढली ती या घरानं, अडलेल्या बाळंतिणींना सुईण आणून दिली ती या घरानं. त्या घराला आता फितूर म्हणत होते, आणि तेही कुणी तर गेल्याच पावसाळ्यात ज्यांच्या म्हशी गेणूनं दोरानं ओढून काढल्या त्यांनी.

हे झालं जोतीराम मास्तरांमुळं. मास्तर बारामतीकडचे, पणदऱ्याचे. फायनल पास, शिवाय पुण्याला ट्रेनिंग झालेलं. माणूस वाईट नव्हता, आणि कुशाबाईची पंचाईत हीच होती. वाईट माणसावर राग धरणं सोपं, एकदा धरला की सोडावा लागत नाही. पण भैरोबाच्या देवळामागच्या धर्मशाळेत चारही इयत्ता एकटे सांभाळणाऱ्या या माणसानंच सोपानला वाचायला शिकवलं होतं, पाटी फुटली तेव्हा स्वतःची दिली होती. आता त्याच माणसापायी पोराचं कपाळ फुटलं होतं.

त्याचं असं झालं. चौथीचं वाचनाचं पुस्तक इतकं कोरडं होतं की दुपारच्या वेळी पोरं बसल्या जागी पेंगायची. मास्तरांनी शक्कल काढली. बारामतीहून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली आणि दर शनिवारी तिचं एक प्रकरण वाचायला सुरुवात केली. नदीकाठचा किल्ला, आत मूठभर माणसं, नदीपलीकडे वैऱ्याची छावणी. वाचायला मास्तरांचा आवाज खणखणीत होता. पण पोरांना खंदक म्हणजे काय ते ठाऊक नाही, बुरूज कधी बघितलेला नाही. पेंगणं चालूच राहिलं. ट्रेनिंगमध्ये मास्तरांना एक मंत्र शिकवला होता, मुलाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावं. मास्तरांनी तो मंत्र लावला.

"समजा, हा किल्ला म्हणजे आपल्या पाटलांची गढी," ते म्हणाले. समजा, खंदक म्हणजे गढीमागचा ओढा. समजा, शूर किल्लेदार म्हणजे आपल्या आप्पासाहेबांचे खापरपणजोबा. पोरांचे डोळे टक्क उघडले. पुढच्या शनिवारी बाहेरच्या कट्ट्यावर म्हातारीकोतारी माणसंही येऊन बसायला लागली. मास्तरांना चेव चढला. मग ते प्रकरण आलं, ज्यात एक नावाडी सोन्याच्या पिशवीला भुलून वैऱ्याला रातोरात अलीकडे आणतो, किल्ला पडतो, किल्लेदार दारातच लढता लढता मरतो. मास्तरांनी छडी नदीकडे केली आणि म्हणाले, समजा, तो नावाडी म्हणजे आपल्या गेणूचा खापरपणजा. सोपान समोर बसलाय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

धर्मशाळेतून गल्लीत येईपर्यंत त्यातलं 'समजा' कुठंतरी गळून पडलं. गावाला ते नकोच होतं. आप्पासाहेब पाटलांना तर मुळीच नको होतं. त्यांच्या वाडवडिलांनी वसुली केली आणि हुरडा खाल्ला, यापलीकडे गावाला काही ठाऊक नव्हतं. आता पाटलांच्या मिशांना पीळ आला. त्यांनी गढीच्या दाराला चुना मारून घेतला, दारातल्या एका दगडाला शेंदूर फासला, आणि आल्यागेल्याला हात धरून दाखवायला लागले की थोरले पडले ते इथं. बावड्याच्या बाजारातले व्यापारीसुद्धा त्या दगडाला हात लावून गेले. किल्लेदार एवढा खरा झाल्यावर फितूर खोटा कसा राहील? एका घराच्या माथ्यावर शेंदूर चढला तो दुसऱ्या घराच्या तोंडाला काळं फासूनच.

कुशाबाईनं हे सगळं रात्री गेणूला सांगितलं. गेणू असा माणूस की कुणी तोंडात मारली तर तुमचा हात दुखला का म्हणून विचारील. तो हसला. बोलेनात का, बोलण्यानं नाव थोडीच बुडते, म्हणाला आणि कुशीवर वळला. कुशाबाई त्याच्या पाठीकडं बघत बसली. गावापेक्षा तिला त्या घटकेला या पाठीचाच राग जास्त आला.

पण नवरात्रात पाचव्या माळेला जे झालं त्यानं गेणूचंही हसू गेलं.

दसऱ्याला भैरोबाची पालखी सीमोल्लंघनाला नदीपार जाते. पलीकडे आपट्याचं झाड आहे, तिथं सोनं लुटायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. देव नावेत बसला की पहिला बांबू टेकायचा मान नावाड्याच्या घराचा. घरातला मुलगा कळता झाला की बाप तो मान त्याच्या हाती देतो, आणि पुजारी पहिला नारळ त्या मुलाच्या ओंजळीत घालतो. गावाच्या पंगतीत शेवटी बसणाऱ्या त्या घराला वर्षातून एवढाच एक दिवस पहिला होता. यंदा सोपानचं पहिलं वर्ष. गेणूनं त्याच्या उंचीचा बांबू तासून, तेल पाजून ठेवला होता.

पाचव्या माळेला कोतवाल दारात येऊन उभा राहिला. नाव घासून धुऊन ठेवा, पण नावाडी खालच्या गावचा येणार आहे, असा पाटलांचा निरोप होता. गेणूनं का म्हणून विचारलं. कोतवालानं नजर चुकवली.

"लोकं म्हणत्यात, देवाला फितुराच्या हातानं नगं."

गेणू उठला आणि पोराचा बांबू माळ्यावर नेऊन ठेवला. नाव देवाची आहे, नाही म्हणता यायचं नाही, एवढंच बोलला. सोपाननं बांबूकडं बघितलं आणि बाहेर निघून गेला. कुशाबाई मात्र जागची हलली नाही. इतके दिवस तिचा राग घरभर, गावभर भटकत होता. त्या संध्याकाळी त्याला ठिकाण सापडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर ती धर्मशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. पोरांचा पाढ्यांचा गलका एकदम थांबला. मास्तर फळ्यापासून वळले.

"मास्तर, त्यात आमचं नाव हाय का?"

"कशात?"

"पुस्तकात. गेणू, गेणूचा पणजा, आपलं गाव. कुठं छापलंय ते दावा."

"नाही हो कुशाबाई," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "आपलं गावच नाही त्यात. ती कादंबरी आहे. लिहिणाऱ्यानं मनानं रचलेली. असा किल्ला नव्हता नि असा नावाडीही नव्हता. मुलांना कळावं म्हणून मी नुसतं समजा म्हटलं."

"म्हंजी खोटं."

"खोटं नव्हे. कल्पित."

"कल्पित म्हंजी खरं का खोटं?"

मास्तरांनी हातातला खडू या हातातून त्या हातात घेतला. "खोटं," ते हळूच म्हणाले.

मग हेच दसऱ्याला नदीवर उभं राहून सांगा, असं कुशाबाईनं सांगितलं. मास्तर घुटमळले. दसऱ्याला पोरांकडून त्या लढाईचा खेळ करून घ्यायचा होता, पाटलांचा नातू संभाजी किल्लेदार व्हायचा होता. शिवाय पाटलांनी स्कूल बोर्डात शब्द टाकून बारामतीला बदली करून द्यायचं कबूल केलं होतं. मास्तरांची बायको तान्ह्या पोरासकट पणदऱ्याला होती. हे सगळं ते बोलले नाहीत, त्यांनी फक्त गढीच्या दिशेनं एकदा बघितलं. कुशाबाईला तेवढं पुरलं. नावाडी खोटा ठरला तर किल्लेदार खरा कसा उरेल, हे मास्तरांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे तिला कळलं.

"आस्सं," ती म्हणाली. "पाटलाच्या वाट्याचं खोटं ग्वाड लागलं, म्हणून आमच्या वाट्याचं आमी मुकाट गिळायचं."

मास्तर खडू घेऊन फळ्याकडं वळले. घरी आल्यावर सोपाननं मात्र तोंड उघडलं, तेही भांडायला. तू शाळेत का आलीस, आता मास्तर वाचायचे बंद झाले म्हणजे, असं काहीतरी तो पुटपुटला. पोराला लाज वाटली असेल असं कुशाबाईनं धरलं, आणि त्या लाजेचं खापरही तिनं मास्तरांच्याच डोक्यावर फोडलं.

दसऱ्याला दुपार कलली तसं गाव नदीवर लोटलं. हलगी कडाडत होती. पोरांच्या हातात लाकडी तलवारी होत्या. संभाजीनं आजोबांचं पागोटं घातलं होतं आणि ते सारखं त्याच्या डोळ्यांवर येत होतं. खालच्या गावचा नावाडी धोतर खोचून तयार उभा होता. पालखी घाटावर आली, पुजाऱ्यानं नारळ वर केला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घाटाला नावच नाही.

नाव नदीच्या मधोमध होती. तिच्यात सोपान बसला होता आणि बांबू रोवून कुशाबाई उभी होती. बाईमाणसानं नाव हाकलेली गावानं पहिल्यांदाच बघितली. गेणू तापानं फणफणलेला असताना तिनं कितीदा तरी रात्री-अपरात्री पलीकडची माणसं आणली होती, पण तेव्हा बघायला गाव जागं नव्हतं.

हाका सुरू झाल्या. आधी पुजाऱ्यानं, मग कोतवालानं, मग ज्यांना शिव्या येत होत्या त्या सगळ्यांनी. आप्पासाहेब पाटील गेणूकडं वळले आणि बायकोला आवर म्हणाले.

"माझं ऐकत न्हाय ती, आप्पासाब," गेणू म्हणाला आणि वाळूत खाली बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा आपल्या बाजूनं बसलाय असं कुशाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"मास्तरांनी येवढंच सांगायचं," ती नावेतून ओरडली. "पुस्तकातलं खरं का खोटं. मंग नाव आणते."

पाण्यावरून आवाज लांब जातो. घाटावर कुजबूज झाली. सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकायला आला होता आणि पुजारी हात चोळायला लागला होता, कारण दिवस बुडाला तर देवाची सीमा ओलांडायची राहणार. लोकांनी मास्तरांना ढकलून पुढं काढलं. मास्तर पाण्याच्या कडेला उभे राहिले. त्यांचे बूट भिजले.

"नावाडी खोटा आहे," ते म्हणाले. "गेणूच्या घराण्याचा त्यात काही संबंध नाही."

माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. खालच्या गावचा नावाडी खोचलेलं धोतर सोडायला लागला. पण नाव हलली नाही.

"आन् किल्लेदार?"

हलगी थांबली. मास्तरांनी पाटलांकडं बघितलं. पाटील नदीकडं बघत होते. मास्तरांच्या मानेची शीर ताठ झाली. राग त्यांनाही होता, कुशाबाईचा, पाटलांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतके दिवस कोटाच्या गुंड्या लावून दाबलेला तो राग एकदम बाहेर आला.

"किल्लेदारही खोटा," ते ओरडले. "किल्ला खोटा. इथं लढाई कधी झालीच नाही. मी पोरांना कळावं म्हणून बोललो, आणि तुम्ही सगळ्यांनी त्यातलं आपापल्या सोयीचं तेवढं उचललंत. ह्या लेकराला दगड मारताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही? आणि मला तरी दिसलं कसं नाही?"

गर्दीच्या मागून कुणीतरी विचारलं, मग शेंदराच्या दगडाचं काय करायचं. दबलेलं हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. पाटलांचा चेहरा त्या दगडासारखा लाल झाला. पण त्यांनी नुसता पालखीकडं हात केला. त्यांचा खापरपणजा पणाला लागला होता, तरी देव खोळंबलेला त्यांना चालण्यासारखा नव्हता. हे मात्र त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

कुशाबाईनं नाव घाटाला लावली. तोवर गेणू घराकडं पळत जाऊन माळ्यावरचा बांबू घेऊन आला होता. पालखी नावेत ठेवली, पुजारी बसला, पाटील बसले, पोरांचे गुरुजी म्हणून मास्तर बसले. कुशाबाई मागच्या वल्ह्यावर बसली ती उठली नाही, आणि तिला उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुजाऱ्यानं सोपानच्या ओंजळीत नारळ घातला. सोपाननं तो बापाकडं दिला, बांबू पाण्यात टेकला आणि अंगाचं धनुष्य करून लोटला. नाव सुटली. काठावर चांगभलं झालं. ज्या पोरांनी दगड मारले होते तीच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती.

कुशाबाईनं पोराच्या तोंडाकडं बघितलं. ज्या मानासाठी तिनं सगळ्या गावाशी वैर घेतलं, तो मान आता त्याच्या हातात होता. तोंड मात्र एवढंसं झालेलं. नदी निम्मी ओलांडली तेव्हा त्यानं मान वळवली.

"गुरुजी, आता शनवारी वाचणार न्हाय का तुमी?"

मास्तर पाटलांकडं न बघता म्हणाले, नाही. पुस्तक बारामतीला परत धाडणार.

"मंग त्या नावाड्याचं पुढं काय झालं?"

कुशाबाईचा वल्ह्यावरचा हात थांबला. म्हणजे पोर इतके दिवस मुकाट मार खात होतं ते यासाठी. नावं सांगितली तर आई शाळेत जाऊन भांडेल आणि शनिवार बंद पडेल, म्हणून. तिला असा राग आला की पोराला तिथंच नदीत बुचकळून काढावं.

"आरं, खोटं हाय त्ये," ती म्हणाली. "सगळ्या गावाम्होरं मास्तर आत्ताच म्हणालं न्हवं?"

"मला पयल्यापास्नं ठावं हाय," सोपान म्हणाला. "गुरुजींनी समजा म्हून सांगितलं हुतं की. पर पुढं काय झालं?"

सगळ्या गावात एकट्यानं नीट ऐकलं होतं ते या पोरानं, आणि दगडही यालाच पडले होते. आप्पासाहेबांनी मान वळवली नाही, पण कान वळवला. मास्तरांनी खाली घातलेलं तोंड वर केलं आणि परवानगी मागावी तसं कुशाबाईकडं बघितलं. तिचा राग गेलेला नव्हता. तो दिवाळीपर्यंत तरी जाणार नव्हता.

"सांगा," ती म्हणाली.

"एका गावात एक नावाडी होता..."

"कुठल्या गावात?"

मास्तर थांबले. "कुठल्याच नाही, बाई."

"मंग सांगा," कुशाबाई म्हणाली, आणि वल्हं जरा हळू मारायला लागली.